पटावरची विसावी पोरगी

८ सप्टेंबर

आज वाटूरला केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांची बैठक होती. चहा थंड, बिस्किटं मऊ, आणि बातमी अशी की ज्या शाळेत वीस लेकरं नाहीत ती शाळा शेजारच्या गावच्या शाळेत मिसळून टाकणार. केंद्रप्रमुख साहेब हसत हसत म्हणाले, "धर्मराज सर, तुमच्या खडकवाडीचं जरा बघा बरं का." बघा म्हणजे काय बघा? आठ वर्षं झाली, पहिली ते चौथी चारही वर्ग एकटा सांभाळून राह्यलो. दुसऱ्या शिक्षकाची जागा रिकामी ती रिकामीच. मास्तर द्यायचा नाही, मास्तर नाही म्हणून लोक पोरं काढून नेतात, पोरं गेली म्हणून शाळा बंद. वा रे हिशोब! आणि शेजारचं गाव म्हणजे नाल्यापलीकडं. पावसाळ्यात त्या नाल्यातून म्हैस उतरत नाही, पहिलीतलं लेकरू उतरंल?

मी उभा राहून हे सगळं बोललो. आवाज जरा चढलाच. मागून कुणीतरी टाळी वाजवली, पण एकदाच.

घरी आलो तर तृप्तीचं वेगळंच. म्हणे, "बंद झाली तर चांगलंच की. जालन्याजवळ बदली मिळंल. मपल्या माहेरालाबी जवळ पडंल." मी ताटावरून उठलो. भूक होती तरी उठलो.

राग कुठंतरी ओतावा म्हणून ही डायरी काढली. आमच्या अर्पिताच्या इंग्रजी शाळेनं पालकांना वाटल्ती, कोरीच पडून होती.

११ सप्टेंबर

आजपासून शाळा सुटल्यावर घरोघर फिरायला सुरुवात केली. पटावर आत्ता सत्तावीस आहेत, पण आणखी चार-पाच मिळाली तर जीवाला घोर राहणार नाही. वाडीतली सहा पोरं रोज सकाळी पिवळ्या गाडीत बसून परतूरच्या इंग्रजी शाळेत जातात. आपल्या शाळेपुढून जातात, हात हलवतात. मी पण हलवतो, काय करणार.

माऊलीच्या दारात गेलो. तो बरा शेतकरी माणूस, बारा एकर, दोन बैलजोड्या. त्याला म्हटलं, "अरे, इथं पुस्तकं फुकट, जेवण फुकट, मी आहे. तिकडं कशाला खर्चा करून राह्यला?" त्यानं पाणी दिलं, सुपारी दिली, आणि मंग हळूच विचारलं, "सर, तुमची अर्पिता कोणत्या शाळेत हाये?"

बाजूला बसलेले दोघं हसले. मला इतका संताप आला की सुपारी तिथंच ठेवली. माझी गोष्ट वेगळी आहे. आम्ही राहतो परतूरला. रोज पोरीला गाडीवर बसवून ऊन-वारा खात इथं आणू का? आणि त्या शाळेचे रामनिवास शेठ भला माणूस, शिक्षक म्हणून मला त्यांनी स्वतः बोलावून पोरीला प्रवेश दिला, नाही कसं म्हणायचं? शिवाय घरात तृप्तीचं चालतं. हे सगळं माऊलीला समजावून सांगायला पाहिजे होतं. पण असल्या वेळी मला जल्दी सुचत नाही, गाडी वाटेला लागल्यावर सुचतं.

एकही पोरगं मिळालं नाही.

२७ सप्टेंबर

आज कपाळावर हात मारला. पटावरची सत्तावीस धरून बसलो होतो. केंद्रप्रमुखांनी फोनवर सांगितलं की पडताळणी डिसेंबरात होणार, बाहेरून पथक येणार, आणि डोळ्यांनी दिसतील तेवढीच लेकरं मोजणार. डिसेंबरात! म्हणजे दिवाळी झाल्यावर. म्हणजे अकरा पोरं ऊसतोडीला निघून गेल्यावर!

खालच्या आळीतली ही घरं दर साली बेळगावकडं ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम एकट्याला विचारत नाही, जोडी पाहिजे. मोठी लेकरं आईबापाबरोबर जातात, कारण लहानग्यांना सांभाळायला कुणीतरी लागतं. दर साली जातात, होळीनंतर येतात, आणि तोवर वाचलेलं सगळं विसरून येतात. मी दर साली त्यांना पुन्हा अ-आ पासून धरतो.

वरच्या आळीतली सोळाच उरतात. चार कमी. सरकारनं असल्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय केलेली आहे. आईबाप गेले तरी पोरांनी गावातच आजी-आजोबांकडं राहायचं, शाळेत दोन वेळचं जेवायचं. आजवर आपल्या वाडीत कुणी मागितलंच नाही. आता मी मागणार. चार पोरं थांबवायची. म्हटलं तर किती सोपं! पोरांचंही भलं, शाळेचंही भलं. हे मला आधी कामून सुचलं नाही?

५ ऑक्टोबर

आज रविवार असून वाडीला गेल्तो. तीन जमली. दोघं भाऊ चुलत्याकडं राहतील, एकजण मामाकडं. चौथी शिवकन्या. पण तिच्या घरी घाम फुटला.

शिवकन्या म्हणजे माझी चौथीतली सगळ्यात तयार पोरगी. नवं पुस्तक हातात पडलं की आठ दिवसांत सगळे धडे वाचून काढते आणि मंग धडा सुरू केला की शेवट सगळ्यांना सांगून टाकते. दोनदा मी तिला त्यापायी वर्गाबाहेर काढलं. दारात उभी राहून तिथनंही सांगते.

बाप रामकिसन गरीब माणूस, मान हलवायचं काम त्याचं. आई मुक्ता मात्र पक्की. मांडीवर पप्पू. हे त्यांचं दोन नंबरचं लेकरू, सव्वा वर्षाचं, सारखं वळवळून राह्यलेलं. मी माझं सगळं बोललो. शिक्षण, भविष्य, वसतिगृह, दोन वेळचं जेवण. मुक्तानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गुरुजी, ते सगळं बराबर हाये. पण मंग पप्पूला कोन बघंल?"

मी म्हटलं, "तुम्ही आहात की."

"मी मोळ्या बांधू का लेकरू बघू? शिवकन्या असली की ती त्याला काखंला मारून बांधावर बसती. मला मागं बघावंच लागत न्हाई."

"झोळी बांधा झाडाला."

"फडात झाड कुठून आनू, गुरुजी?"

रामकिसनची आई सगुणाबाई भिंतीला टेकून बसलेली. गुडघे गेलेले, डोळ्यात मोतीबिंदू. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं पोरीला. मला बी आधार व्हईल." मुक्ता सासूपुढं बोलली नाही, पण मानही हलवली नाही.

मंग मी आवाज जरा कडक केला. खरं म्हणजे करायला नको होता, पण केला. म्हटलं, "हे बघा मुक्ताबाई, लेकरू शाळेबाहेर ठेवणं हा गुन्हा आहे आता. उद्या चौकशी झाली तर मी काही बोलू शकणार नाही. रेशनची भानगड होईल, आणखी काय काय होईल." रेशनचं मी आपलं असंच ठोकून दिलं. पण त्याचाच परिणाम झाला. रामकिसन घाबरून बायकोकडं बघायला लागला. मुक्ता बराच वेळ पप्पूच्या डोक्यावरून हात फिरवत राह्यली आणि मंग म्हणाली, "तुमच्या भरवशावर ठेवते, गुरुजी."

"बिलकुल फिकीर करू नका," मी म्हटलं.

शिवकन्येला विचारलं, "खूश ना?" ती म्हणाली, "सर, पप्पू माझ्याबिगर जेवत न्हाई." मी म्हटलं, शिकेल हळूहळू. सगळी लेकरं शिकतात.

गाडी काढली तेव्हा अंगात नुसतं वारं भरल्तं. वीस!

२९ ऑक्टोबर

सकाळी ट्रॅक्टर गेले. मुद्दाम लवकर येऊन उभा राह्यलो, न जाणो ऐन वेळेला कुणी पोरगी चढवून दिली तर. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, सरपण, कोंबड्या, वर माणसं. मुक्तानं शिवकन्येच्या हातात पोळ्यांचं फडकं दिलं आणि वर चढली. पप्पूनं जे भोकाड पसरलं! आईच्या कडेवर असून दोन्ही हात बहिणीकडं. गाडी वळणाला गेली तरी ऐकू येत होतं.

शिवकन्या रडली नाही. मला बरं वाटलं. रडली असती तर माझाच धीर सुटला असता.

खिचडी शिजवणाऱ्या पुष्पाबाई दारातनं बघत होत्या. म्हणाल्या, "सर, तुम्ही लई मोठं काम अंगावर घेतलं." कौतुक होतं का टोमणा, समजलं नाही. त्यांचं तोंडच तसं आहे.

१० नोव्हेंबर

वसतिगृहाची मंजुरी अजून नाही. तालुक्याला विचारलं तर जिल्ह्याला विचारा म्हणाले, जिल्ह्याला विचारलं तर तालुक्याला. पुष्पाबाईंना सांगून दुपारी चार मुठी तांदूळ जास्त टाकायला लावले. तीन पोरांचं नातेवाईक बघतात. शिवकन्या दुपारची खिचडी डब्यात भरून घरी नेते. आजीला आवडत असंल.

२२ नोव्हेंबर

शिवकन्येत फार चांगला फरक पडला. आता मध्ये मध्ये बोलत नाही, शेवट सांगत नाही. शांत बसते. मला वाटतं जबाबदारीनं पोरगी शहाणी झाली. कधीकधी दुपारी डोळा लागतो तिचा, पण मी उठवत नाही. पहाटे उठून पाणी भरते, भाकरी टाकते, आजीला परसाकडं नेऊन आणते, असं पुष्पाबाई सांगत होत्या. मी म्हटलं, आमच्या लहानपणी आम्हीही सगळं केलं. पुष्पाबाई म्हणाल्या, "तुमची माय होती ना घरात?" या बाईला उलट बोलायची खोडच आहे.

दुपारच्या सुट्टीत मुक्ताचा फोन आला. दर आठवड्याला माझ्याच फोनवर येतो. शिवकन्येला दिला. पोरीचं एकच, "पप्पू काय करतो?" मी तिच्या शेजारीच होतो, मुक्ताचा आवाज ऐकू येत होता. "पळाया लागला गं तो. धरू धरू म्हनेस्तोवर पळतो. काल उसाच्या पाचटात दडून बसल्ता, सगळ्या टोळीनं हुडकला."

मला तर हसू आलं. एवढंसं लेकरू आणि सगळ्या टोळीला कामाला लावतं! शिवकन्या हसली नाही. म्हणाली, "आई, त्याला पदराला बांधून ठेव." मुक्ता म्हणाली, "बांधला की वाकता येत न्हाई, माय."

फोन ठेवल्यावर पोरीनं मला विचारलं, "सर, पथक कधी येनार?" मी म्हटलं, डिसेंबरात. "ते येऊन गेलं की मी जाऊ का मंग?" मी तिला चांगलं समजावलं. शाळा काही पथकासाठी नसते, आपल्यासाठी असते. तिनं मान हलवली.

११ डिसेंबर

आले! पथक आलं!

तीन माणसं, एक मॅडम. वीसच्या वीस हजर. एकाला ताप होता, त्याला गोधडीसकट आणून बसवलं. मॅडमनी प्रत्येकाला उभं करून नाव विचारलं. शिवकन्येला म्हणाल्या, "तुझे आईवडील काय करतात?" ती म्हणाली, "बेळगावकडं ऊस तोडायला गेलेत." "मग तू गेली नाहीस?" "सरांनी ठेवून घेतलं." मॅडमनी माझ्याकडं वळून बघितलं आणि म्हणाल्या, "तुमच्यासारख्या शिक्षकांमुळे चाललंय बघा." सगळ्यांसमोर म्हणाल्या. पुष्पाबाईंनी ऐकलं, हे फार झालं.

शिवकन्येनं धडाही वाचून दाखवला. एक शब्द अडला नाही. मॅडमनी गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "किती वाळलीस गं." मी म्हटलं, थंडीचे दिवस आहेत.

माझा तर ऊर भरून आला. येताना वाटूरला गाडी थांबवून पेढे घेतले. तृप्तीनं एक खाल्ला. अर्पितानं चार खाल्ले.

१२ डिसेंबर

केंद्रप्रमुखांचा फोन. "अहवाल चांगला गेला म्हणतात." आज लेकरांना सुट्टी दिली. जिंकलो!

२३ डिसेंबर

रामकिसनचा फोन आला. मी समजलो शिवकन्येला द्यायचाय, म्हणून तिला हाक मारणार तेवढ्यात तो म्हणाला, "गुरुजी, पोरीला देऊ नका." आणि मंग तो सांगत गेला.

सकाळी फडात ट्रॅक्टर मागं घेत होते. मुक्ता मोळ्या उचलून देत होती. पप्पूला तिनं बांधाला गोधडीवर बसवल्तं, पुढ्यात उसाचं कांडं देऊन. तो उठून आईकडं पळत आला. ट्रॅक्टरवाल्याला दिसला नाही. कुणालाच दिसला नाही.

मी विचारलं, "दवाखान्यात नेलं का?" रामकिसन म्हणाला, "नेन्यासारखं काय न्हवतं, गुरुजी."

तिथंच मातीआड केलं. पुन्हा म्हणाला, "इतक्यात पोरीला सांगू नका. मायला बी सांगू नका." मी हो म्हटलं. खोटं कशाला लिहू, हो म्हणताना सुटल्यासारखं वाटलं.

वर्गात गेलो आणि शिकवलं. काय शिकवलं ते आत्ता आठवत नाही.

२४ डिसेंबर

सकाळी शाळेत पोचलो तर पुष्पाबाई चूल न पेटवता बसून राह्यल्या होत्या. म्हणाल्या, "सगळ्या वाडीला कळलं. तिच्या कानावर कुनीतरी घालंलच. त्यापरीस तुम्ही सांगा."

मी म्हटलं, बापानं नको म्हटलंय. पुष्पाबाई उठल्या, माझ्यापुढं आल्या. "ठेवून घेताना बापाला विचारलं का तुम्ही, सर? धाक दाखवला. मला काय ठाव न्हाई का?"

मंग मी शिवकन्येला बाहेर बोलावलं, हातपंपाजवळ. तोंड उघडायच्या आधीच तिनं विचारलं, "पप्पूला काय झालं?" कुणी सांगितलं म्हटलं, तर म्हणाली कुणी नाही. "काल फोन आल्ता आन् तुम्ही मला दिला न्हाई."

मी सांगितलं. लेकराला सांगावं तसं सांगितलं, देवाघरी वगैरे. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "बांधलेला न्हवता का?"

"नाही."

"मी सांगलं होतं आईला."

आणि मंग ती माझ्याकडं न बघता, पंपाच्या दांड्याकडं बघत म्हणाली, "मी असते तर काखंला मारला असता. मी त्याला खाली सोडतच न्हवते, सर. एकदा बी न्हाई."

मी म्हटलं, "यात तुझी चूक नाही बाळा." ती म्हणाली, "मंग कुनाची?"

मी शिक्षक आहे. सतरा वर्षं झाली पोरांच्या प्रश्नांची उत्तरं देऊन राह्यलो. मी पंप हापसायला लागलो. पाणी नुसतं वाहून गेलं.

आजीला तिनंच जाऊन सांगितलं. सगुणाबाईचा आवाज शाळेपर्यंत येत होता.

३० डिसेंबर

मुक्ता आणि रामकिसन काल आले. मुकादमानं चार दिवस दिलेत, परत जायचंय, हंगाम अर्धाच झालाय. मी बसायला गेल्तो.

मुक्ताच्या तोंडावर काही नव्हतं. शिव्या देईल, अंगावर धावून येईल, असं मनाची तयारी करून गेल्तो. तिनं उठून पोतं टाकलं बसायला. म्हणाली, "गुरुजी, तुमचं काय चुकलं. तुम्ही पोरीच्या भल्याचंच सांगलं. माझंच ध्यान न्हवतं." रामकिसननं मान हलवली. बाई किती मोठ्या मनाची! माझ्या डोळ्यात पाणी आलं आणि खरं लिहितो, छातीवरचं ओझंही जरा हललं. मंग वाटलं, त्या बाईनं एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. तिनं ती मला दिली नाही, स्वतःलाच देऊन राह्यली.

शिवकन्या कोपऱ्यात कपडे बांधत होती. दोन फ्रॉक, शाळेचा ड्रेस, वर चादर. मुक्ता म्हणाली, "हिला नेते. आता पोरीबिगर मला तिथं उभं ऱ्हावनार न्हाई." सगुणाबाईला तिच्या भावाकडं कुंभार पिंपळगावला सोडणार.

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "जानेवारीत अजून एकदा पडताळणी व्हायची शक्यता आहे. तोवर जर..."

वाक्य पुरं झालं नाही. कुणी अडवलं नाही, माझं मलाच ऐकू आलं. मुक्ता माझ्याकडं बघत होती, राग नव्हता त्या बघण्यात, काहीच नव्हतं. मी कसाबसा उठलो. दारात शिवकन्येच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं डोकं बाजूला घेतलं नाही, जवळही आणलं नाही.

नालायक माणूस आहे मी.

१६ जानेवारी

आदेश आला. खडकवाडीची शाळा नाल्यापलीकडच्या शाळेत मिसळली. पुढच्या सोमवारपासून लेकरांनी तिकडं जायचं.

मी थेट तालुक्याला गेलो. ओरडलो. "वीस दाखवली ना मी? तुमच्या मॅडमनी मोजली ना?" तिथला बाबू सभ्य माणूस. त्यानं मला खुर्ची दिली आणि शांतपणे सांगितलं की यादी गेल्या सालच्या डिसेंबरातल्या हजेरीवर झाली. पावसाळ्यातच वर गेल्ती, वाटूरच्या बैठकीच्याही आधी. "मग डिसेंबरात पथक कशाला पाठवलं?" तर म्हणे, "ती दुसऱ्या विभागाची पाहणी होती, सर. सर्वेक्षण. त्याचा याच्याशी संबंध नाही."

संबंध नाही.

मी माऊलीच्या दारात गेलो, सुपारी टाकून उठलो, मुक्ताला रेशनची भीती घातली, ट्रॅक्टरपाशी पहारा दिला, तेव्हा सगळं झालेलं होतं. कुठल्या तरी टेबलावर झालेलं होतं. त्या पोरीला थांबवायची काही गरज नव्हती. एका दिवसाचीही नव्हती. ती गेली असती तरी शाळा बंद, थांबली तरी बंद. फक्त पप्पू राह्यला असता.

बाबूनं चहा मागवला. मी प्यालो. पिऊन झाल्यावर त्यानं सांगितलं, माझं समायोजन जालन्याजवळच्या मोठ्या शाळेत झालंय, अभिनंदन. घरी तृप्तीनं गोड केलं. अर्पिता विचारत होती, पप्पा, तिथं मोठा मॉल आहे का? मी शिरा खाल्ला. अजून थोडा वाढ म्हटलं. माणूस कशानं बनलेला असतो कुणास ठाऊक.

वरच्या आळीतली सोळा पोरं आता कुठं जाणार ते पुष्पाबाईंनी फोनवर सांगितलं. सात पिवळ्या गाडीत, पाच नाल्यापलीकडं, चार घरी. पुष्पाबाईंचंही काम गेलं. तरी त्याच म्हणाल्या, "तब्येतीला जपा, सर."

८ फेब्रुवारी

नवी शाळा मोठी. नऊ शिक्षक, संगणक, रंगवलेल्या भिंती. मी एका वर्गाला एकच विषय शिकवतो आणि साडेपाचला घरी येतो. कुणाला काही कमी नाही. मला हे सहन होत नाही, पण मी रोज जातो.

आज रविवार. दुपारी अनोळखी नंबर वाजला. शिवकन्या होती.

"सर, मी बोलती. आईच्या शेजारच्या बाईचा फोन हाये." ती बोलत राह्यली. इकडं लई थंडी हाये. आई बरी हाये, कमी बोलती. बाबाला ताप आल्ता, उतरला. मी विचारलं, तू काय करतेस? तिच्या आवाजात एकदम पूर्वीची धार आली.

"मी लेकरं सांभाळती, सर! सगळ्या टोळीची. आधी आपआपले घेऊन जायचे, आता सगळ्या बाया माझ्याकडं आनून ठेवत्यात. सात हायेत. दोन तर रांगतेत. मी सगळ्यांच्या कमरंला दोरी बांधली आन् टोक मोडक्या बैलगाडीच्या चाकाला. बीचमदी मी बसती. रडले तरी सोडत न्हाई."

मागं खरंच कुठलंसं लेकरू रडत होतं.

"बाया म्हनत्यात, शिवकन्या हाये तर फिकीर न्हाई. पुढच्या साली बी मलाच घेऊन येनार म्हनं. मुकादम बी म्हनला."

मी विचारलं, "शाळा?" आणि लगेच जीभ चावली. कुठली शाळा? तिला माहीत होतं. म्हणाली, "बंद झाली ना? पुष्पामावशीनं सांगलं." तक्रार नव्हती, बातमीसारखं सांगून टाकलं.

काहीतरी बोलायचं म्हणून, खरंच काहीतरी बोलायचं म्हणून, मी म्हटलं, "मी तुला पाचवीची पुस्तकं पाठवतो. ट्रकवाल्याच्या हाती देतो, पत्ता सांग. दिवसभर बसूनच असतेस, तर वाचत जा. तुला तर आठ दिवस पुरणार नाहीत."

तिकडं मागचं लेकरू पुन्हा रडायला लागलं.

मंग ती म्हणाली, "नका पाठवू, सर. वाचाया बसलं की नजर हलती."

मी बरं म्हटलं. तिनं एका लेकराला नाव घेऊन दरडावलं, आणि फोन ठेवला.